‘राजपूत’ वर्गाच्या विनाशिकांसाठी सुट्या भागांचा संच: भाग चोख, माहिती अर्धवट

एकास साडेतीनशे या प्रमाणात भारतीय नौदलाच्या ‘राजपूत’ वर्गातील विनाशिकेची प्रतिकृती तयार करायची, तर आधी सोव्हिएत नौदलाच्या ‘काशिन’ वर्गाच्या जहाजाचा किट विकत घ्यावा लागतो आणि नंतर तो कापून, तासून, त्यात भर घालून भारतीय करावा लागतो. हे भारतीयीकरण करण्यासाठी परदेशातून मिळणारा सुट्या भागांचा एक संच मी गेल्या वर्षी पोस्टाने मागवला. त्यात रेझिनचे एकोणचाळीस भाग, फोटो-एच्ड, म्हणजे रसायनाने कोरलेल्या, पितळी पत्र्याचे दोन तुकडे, लेथवर काढलेल्या पितळी तोफनळ्या, पाण्याने उतरणारी चिकटचित्रे आणि जहाजांची पार्श्वभूमी सांगणारी चोवीस पानांची पुस्तिका आहे. सीमाशुल्क धरून त्याची किंमत साडेआठ हजार रुपयांच्या घरात गेली. पाच महिने त्याच्यासोबत काढल्यानंतर, म्हणजे नाशिकचा एक पूर्ण पावसाळा अंगावर घेऊन, मी हे परीक्षण लिहीत आहे. विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण संचात काही चुका आहेत आणि एका संचावरून दुकानाची पारख करणे मला योग्य वाटत नाही.

संचाच्या डब्यावर ‘राजपूत वर्ग, पाचही जहाजांसाठी’ असे छापलेले आहे, आणि माझ्या मते सगळ्या घोटाळ्याचे मूळ याच ओळीत आहे. मी ओझरच्या विमान कारखान्यात एकतीस वर्षे गुणनियंत्रण विभागात नोकरी केली. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या त्या कारखान्यात आम्ही मिग-२१ बांधत होतो, आणि बाहेरच्या माणसाला मिग-२१ म्हणजे एकच विमान वाटत असले तरी आमच्या दृष्टीने एफएल, एम आणि बिस ही तीन वेगळी विमाने होती. कोणता भाग कोणत्या विमानावर कोणत्या साली बसला हे नोंदवहीत लिहिलेले नसेल, तर तो भाग कितीही देखणा असला तरी आमच्या लेखी भंगार होता. जहाजाचेही तसेच आहे. १९८० चा ‘राजपूत’ आणि २०२१ मध्ये ध्वज उतरवला गेला तो ‘राजपूत’ ही एकाच सांगाड्यावरची दोन निराळी जहाजे आहेत, आणि त्यांपैकी आपण कोणते करणार हे पहिला भाग कापण्यापूर्वी ठरवावे लागते. मी ४ मे १९८० हा दिवस धरला. त्या दिवशी जॉर्जियातील पोती या बंदरात, त्या वेळचे सोव्हिएत संघातील भारतीय राजदूत इंद्रकुमार गुजराल यांच्या हस्ते हे जहाज भारतीय नौदलात दाखल झाले होते.

आता भागांकडे वळतो. मूळ काशिन जहाजाची लांबी १४४ मीटर होती, तर भारतासाठी बांधलेले जहाज सुमारे १४७ मीटर लांब आहे. साडेतीनशेने भागले की हा फरक साडेआठ मिलिमीटर येतो. संचातील मागच्या बाजूचा नवा तुकडा व्हर्नियरने मोजला, तेव्हा तो किटच्या सांगाड्यात बरोबर तेवढीच भर घालतो असे दिसले, आणि या लोकांनी पट्टी हातात धरून काम केले आहे याची खात्री पटली. सोव्हिएत जहाजावर ७६ मिलिमीटरची जोडतोफ पुढे एक आणि मागे एक अशी होती. भारताने मागची तोफ काढायला लावून तिथे कामोव्ह हेलिकॉप्टरसाठी हँगर आणि उड्डाणतळ घेतला. त्यामुळे किटचा मागचा सगळा मजला करवतीने काढून तिथे संचातला ठोकळा बसवावा लागतो. हे काम नवशिक्याचे नाही, कारण करवत अर्धा मिलिमीटर जरी तिरकी गेली तरी पुढे डेकची रेषा जुळवताना पुट्टीचे थरावर थर चढतात. पण ठोकळा ओतीव कामाचा उत्तम नमुना आहे. बुडबुडा एकही नाही, कडेचे पापुद्रे अगदी पातळ आहेत आणि नखानेही निघतात.

पी-२०एम या जहाजवेधी क्षेपणास्त्रांच्या चार नळ्या हा संचाचा दुसरा मोठा भाग आहे. सोव्हिएत नौदलाने आपल्या सुधारित काशिन जहाजांवर या नळ्या मागच्या बाजूला, तोंड मागे करून बसवल्या होत्या. भारतीय जहाजांवर त्या ब्रिजच्या, म्हणजे जहाज हाकण्याच्या कक्षाच्या, दोन्ही अंगांना, तोंड पुढे करून आहेत. शत्रूच्या मागे लागताना मारा करायचा की पाठलाग करणाऱ्यावर मारा करायचा, अशा दोन वेगळ्या विचारांमधून हा फरक आला असावा असे मला वाटते, आणि १९७१ च्या कराचीवरील हल्ल्यात याच जातीच्या क्षेपणास्त्रांचा प्रताप पाहिलेल्या नौदलाने त्यांचे तोंड पुढे ठेवले यात नवल वाटत नाही. संचात नळ्यांची दिशा बरोबर दाखवली आहे. मात्र डाव्या आणि उजव्या आधारांवर केवळ रशियन लिपीतील एकेक अक्षर कोरलेले आहे आणि सूचनापत्रात त्याचा खुलासा नाही. ओझरला रशियन आराखडे वाचून वाचून ‘लेव्ही’ म्हणजे डावा आणि ‘प्राव्ही’ म्हणजे उजवा हे माझ्या हाडीमाशी खिळलेले असल्याने मी अडलो नाही. ज्याचा त्या भाषेशी संबंध आलेला नाही, तो हे आधार हमखास उलटे चिकटवील.

तोफनळ्यांबद्दल तक्रारीला जागाच नाही. एके-७२६ या ७६ मिलिमीटरच्या जोडतोफेची नळी तिच्या व्यासाच्या एकोणसाठ पट लांब, म्हणजे सुमारे साडेचार मीटर असते. आपल्या प्रमाणात ती तेरा मिलिमीटरला किंचित कमी भरते आणि तोंडाशी छिद्र फक्त पाव मिलिमीटरच्या आसपास येते. संचातील पितळी नळीला ते छिद्र खरोखर पाडलेले आहे. दहा पट भिंगाखाली ते पाहिले तेव्हा मी आमच्या सौ.ना हाक मारून दाखवले. त्यांनी भिंगातून पाहिले, “सुईचे नेढे यापेक्षा मोठे असते” असे म्हटले आणि त्या परत गेल्या. तेवढी दाद मला पुरेशी वाटली.

पितळी पत्र्याने मात्र मला घाम फोडला. जाळीचे डोलकाठी-मनोरे, कठडे, शिड्या आणि रडारच्या जाळ्या हे सगळे एका पातळ पत्र्यावर रासायनिक पद्धतीने कोरून दिलेले असते, आणि ते कापून घडी घालून उभे करायचे असते. पुढच्या मनोऱ्याची पहिलीच घडी घालताना पत्रा कडेला चिरला. पत्रा कडक होता, आणि तो घडीपूर्वी नरम करून घ्यावा ही साधी सूचना पुस्तिकेत कुठेही नाही. मी उरलेला पत्रा घेऊन जुन्या नाशकातील तांबट लेनमध्ये गेलो. तिथे घंगाळे आणि तांबे घडवणाऱ्या एका वयस्क कारागिरांनी पत्रा बोटांत धरून हलवला, नखाने वाजवला आणि म्हणाले, “साहेब, ह्याला आधी ताव दिलाच नाही तुम्ही. मग तो चिरेल नाही तर काय करेल?” त्यांनी बंबाच्या ज्योतीवर पत्रा क्षणभर फिरवला, त्यावर जांभळी झाक आली तसा तो बाजूला घेतला, आणि गार झाल्यावर तोच पत्रा कागदासारखा वाकला. चिरलेल्या जागी डाखही त्यांनीच लावून दिला आणि पैसे घेण्यास साफ नकार दिला. मात्र एवढ्याशा कामाला इतके भारी पितळ कशाला वापरतात, असा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. नाशिकच्या मंडळींना माझा सल्ला आहे की हा संच आणल्यावर पत्रा डब्यातून काढून सरळ घडी घालू नये.

पत्रा नरम झाल्यावर त्याचे खरे सौंदर्य दिसते. जहाजाच्या पुढे आणि मागे व्होल्ना विमानवेधी क्षेपणास्त्रांचा दोन हातांचा एकेक लाँचर आहे. ही क्षेपणास्त्रे म्हणजे आपल्या हवाई दलाने वर्षानुवर्षे वापरलेल्या पेचोराचीच नौदलातील भावंडे आहेत. त्यांना लक्ष्याची दिशा देणाऱ्या रडारला नाटोने ‘पील ग्रुप’ असे नाव दिले होते. या रडारला लहान आणि मोठ्या लंबवर्तुळाकार थाळ्या असतात, त्यांतील काही आडव्या आणि काही उभ्या. संचात प्रत्येक थाळीची जाळी वेगळी कोरलेली असून तिला मागून आधार देणाऱ्या बारीक काड्याही आहेत. एकेका रडारला मला दोन संध्याकाळी लागल्या. जहाजाला दोन रडार आहेत. तिसऱ्या संध्याकाळी एक थाळी चिमट्यातून उडाली आणि ती शेवटी सोफ्याच्या खाली सापडली, एवढे सांगितले म्हणजे कामाच्या आकाराची कल्पना यावी. सुमारे सहा मीटरचे क्षेपणास्त्र आपल्या प्रमाणात सतरा मिलिमीटरचे होते आणि संचातील आठही क्षेपणास्त्रे त्या मापाची आहेत.

धुराच्या चिमण्यांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण या जहाजाची ओळख दुरून त्यांच्यावरूनच पटते. काशिन हे मोठ्या युद्धनौकांमधील पहिले असे जहाज होते की ज्याचे सगळे बळ गॅस टर्बाइनवर होते. पहिले जहाज ‘कोमसोमोलेत्स उक्रायिनी’ हे १९६२ च्या अखेरीस सेवेत आले आणि पुढे सोव्हिएत नौदलासाठी एकूण वीस जहाजे बांधली गेली. चार टर्बाइन, पंखे फिरवणारे दोन दांडे आणि सुमारे ७२,००० अश्वशक्ती अशी ही व्यवस्था होती. इतक्या टर्बाइनना हवा घ्यायला आणि धूर सोडायला जागा लागते, म्हणून जोडी-जोडीने बाहेर कललेल्या चार मोठ्या चिमण्या आल्या. टर्बाइनच्या सुरावरून खलाशांनी या जहाजांना ‘गाणाऱ्या फ्रिगेट’ म्हटले. ही हकीकत पुस्तिकेत छान सांगितली आहे. किटमधील चिमण्यांची तोंडे बंद आहेत. संचात त्यांसाठी उघडी तोंडे आणि आतल्या जाळ्या आहेत, आणि केवळ या चार जाळ्यांसाठीही संच घ्यावा असे माझे मत आहे.

यानंतर संचाची दुखरी बाजू येते. ‘राजपूत’, ‘राणा’ आणि ‘रणजीत’ ही पहिली तीन जहाजे सेवेत दाखल झाली तेव्हा त्यांच्यावर हवाई माऱ्यापासून बचावासाठी एके-२३० या ३० मिलिमीटरच्या जोडतोफा होत्या. ‘रणवीर’ आणि ‘रणविजय’ या पुढच्या दोघांवर एके-६३० या सहा नळ्यांच्या फिरत्या तोफा आल्या. दोन्ही तोफा दिसायला अजिबात सारख्या नाहीत. एके-२३० चा घुमट अंड्यासारखा गुळगुळीत असतो आणि त्यातून दोन बारीक नळ्या बाहेर डोकावतात, तर एके-६३० ची एकच जाड नळी दिसते. संचात फक्त चार एके-६३० आहेत. म्हणजे पाच जहाजांसाठी म्हणून विकलेला संच डबा उघडल्याबरोबर पहिल्या तीन जहाजांसाठी अपुरा ठरतो. मी विक्रेत्याला पत्र लिहिले. आठवड्याने उत्तर आले की ‘फरक फार सूक्ष्म आहे’. सूक्ष्म फरकच विकत घेण्यासाठी माणूस साडेआठ हजार रुपये मोजतो, हे त्यांना कोण सांगणार?

मग मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कार्यशाळेत गेलो, जिथे दोन तरुण अभियंते रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर वाहनांच्या भागांचे नमुने काढून देतात. त्यांना छायाचित्रे आणि मापे दिली आणि चार दिवसांत चार घुमट मिळाले, प्रत्येक हरभऱ्याच्या डाळीएवढा. पहिल्या खेपेला घुमटावर थरांच्या रेषा उमटल्या होत्या. त्यांनी काही न बोलता भाग आडवा करून पुन्हा छापला आणि दुसऱ्या खेपेचे पैसे घेतले नाहीत. घुमटात पुढच्या नळ्या बसवायला मी गिटारची सर्वांत बारीक तार वापरली. याचा एकूण खर्च सहाशे रुपये आला. जो भाग परदेशी संचात असायला हवा होता तो नाशकात, माझ्या घरापासून पाच किलोमीटरवर, संचातील भागांच्या तोडीचा झाला.

संचात ब्राह्मोसच्या दोन पेट्याही आहेत. ‘राजपूत’वरील दोन एकेरी नळ्या काढून त्यांच्या जागी प्रत्येकी दोन क्षेपणास्त्रांच्या अशा पेट्या पुढे बसवण्यात आल्या, आणि हे जहाज ब्राह्मोसच्या चाचण्यांचे व्यासपीठ झाले. पेट्यांचे काम नीटनेटके आहे. पण सूचनापत्रातील चित्रात एकाच जहाजावर चारही जुन्या नळ्या आणि दोन्ही नव्या पेट्या एकत्र दाखवल्या आहेत. असे जहाज कधीच तरंगले नाही. पेट्या लावायच्या असतील तर त्यांच्या जागच्या नळ्या लावायच्या नाहीत, एवढे एक वाक्य पुरले असते. तसेच ‘रणवीर’वर मागच्या व्होल्ना लाँचरच्या जागी ब्राह्मोसची उभी प्रक्षेपण व्यवस्था आली आणि डिसेंबर २००८ मध्ये तिथून उभ्या प्रक्षेपणाची चाचणी झाली, याचा पत्ताही संचात नाही. त्यामुळे ‘रणवीर’ त्याच्या पुढच्या काळातील रूपात करणाऱ्यालाही हा संच पुरत नाही.

पुस्तिकेचा पहिला भाग, म्हणजे सोव्हिएत काळाचा, मी रस घेऊन वाचला. ३० ऑगस्ट १९७४ रोजी काळ्या समुद्रात ‘ओत्वाझ्नी’ या जहाजावर आग लागून स्फोट झाले, जहाज बुडाले आणि चोवीस जण मृत्युमुखी पडले, ही हकीकत तिथे संयमाने लिहिली आहे. ‘स्मेत्लीवी’ हे जहाज आता सेवास्तोपोलला संग्रहालय म्हणून उभे आहे हेही सांगितले आहे. पुढचा भाग भारताचा, आणि तो दीड पानात आटोपला आहे. ‘राजपूत’चा उल्लेख ‘नादेझ्नी’ या त्याच्या बांधणीच्या वेळच्या नावाने जास्त वेळा येतो आणि भारतीय नावाने कमी. १९७६ मध्ये निकोलायेवच्या गोदीत कणा घातला गेला, १९७७ मध्ये जलावतरण झाले, इथपर्यंत माहिती आहे. त्यानंतर थेट ‘निर्यात करण्यात आले’ एवढेच म्हणून विषय संपतो.

या जहाजाचे पहिले कप्तान गुलाब मोहनलाल हिरानंदानी पुढे व्हाइस अॅडमिरल झाले आणि निवृत्तीनंतर त्यांनी नौदलाचा इतिहास लिहिला, हे पुस्तिकेत नाही. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर शांतिसेनेच्या पाठीशी ‘ऑपरेशन अमन’ आणि ‘ऑपरेशन पवन’, मालदीवमधील ‘ऑपरेशन कॅक्टस’ आणि लक्षद्वीपजवळचे ‘ऑपरेशन क्रोजनेस्ट’ या मोहिमांत ‘राजपूत’ने भाग घेतला, हे नाही. लष्करातील पलटणीशी, म्हणजे राजपूत रेजिमेंटशी, संलग्न झालेली ही नौदलाची पहिली नौका होती, तिचे ब्रीद ‘राज करेगा राजपूत’ असे होते, एकेचाळीस वर्षांत एकतीस अधिकाऱ्यांनी तिचे नेतृत्व केले, आणि २१ मे २०२१ रोजी विशाखापट्टणमला सूर्यास्ताबरोबर तिचा ध्वज उतरला, यातले काहीही नाही. ‘रणजीत’ ६ मे २०१९ रोजी निवृत्त झाली आणि तिचे पहिले कप्तान विष्णू भागवत पुढे नौदलप्रमुख झाले, हेही नाही. पार्श्वभूमी म्हणून विकलेल्या पुस्तिकेत मागणीदाराची बाजू इतकी रिकामी असणे मला खटकले. विशेषतः सोव्हिएत संघ फुटल्यावर निकोलायेवची गोदी युक्रेनमध्ये गेली, आणि आपल्या लोकांना सुटे भाग मिळवण्याची घडी नव्याने बसवावी लागली, ही गोष्ट सुट्या भागांच्या संचात यायलाच हवी होती. मिगच्या भागांसाठी नव्वदच्या दशकात ओझरला आम्ही ज्या खेपा घातल्या त्यांची आठवण मला ती पुस्तिका वाचताना होत राहिली. पूर्वी एका मंत्रालयाला पत्र पाठवले की काम होई. नंतर कोणता भाग कोणत्या देशात बनतो हे शोधण्यातच महिना जाई.

आता लहानसहान गोष्टी. चिकटचित्रांत डी-५१ ते डी-५५ हे पाचही क्रमांक आहेत आणि अंकांची ठेवण छायाचित्रांशी जुळते. रंगपत्रिका केवळ सोव्हिएत जहाजाची, लालसर तपकिरी डेकची दिली आहे, भारतीय रंगांसाठी आपली आपणच छायाचित्रे शोधावी लागतात. तळाच्या लाकडी फळीवर लावण्यासाठी पितळी नामफलक दिला आहे आणि तो देवनागरीत कोरलेला आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटले. पण त्यावर ‘राजपुत’ असे ऱ्हस्व उकारात कोरले आहे. तो फलक मी लावलेला नाही. तांबट लेनमधल्या त्याच कारागिरांकडून साध्या पत्र्यावर नाव ठोकून घेण्याचा विचार आहे. वाटेत डोलकाठीचा एक भाग मोडला होता, तो मात्र विक्रेत्याने छायाचित्र पाठवताच बिनतक्रार बदलून दिला, ही नोंद त्याच्या बाजूने करणे भाग आहे.

पावसाळ्यात रंगकाम करू नये, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. ऑगस्टमध्ये मारलेला करडा रंग तीन दिवस चिकट राहिला आणि त्यावर बोटाचा ठसा उमटला. तो घासून काढून ऑक्टोबरमध्ये पुन्हा रंग दिला तेव्हा तो तासाभरात सुकला.

ज्यांना ‘रणवीर’ किंवा ‘रणविजय’ सेवेत आले त्या वेळच्या रूपात करायचे आहे, त्यांनी हा संच निःशंकपणे घ्यावा, कारण त्यांच्यासाठी तो जवळजवळ परिपूर्ण आहे. ज्यांना पहिल्या तीन जहाजांपैकी एखादे करायचे आहे, त्यांनी एके-२३० चे घुमट आधी कुठूनतरी मिळवावेत आणि मगच पैसे भरावेत. पुस्तिकेसाठी मात्र कोणीही हा संच घेऊ नये. माझा ‘राजपूत’ डी-५१ हा क्रमांक घेऊन काचेच्या पेटीत उभा आहे. उरलेल्या चार एके-६३० तोफा आणि ब्राह्मोसच्या दोन पेट्या मी एका काडेपेटीत घालून कपाटात ठेवल्या आहेत, आणि त्या काडेपेटीवर पेन्सिलीने ‘या जहाजाचे नाहीत’ असे लिहून ठेवले आहे.